सकाळी न मिटणारी मूठ

ज्यांची मूठ सकाळी मिटत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तुम्हाला माहीत असेल, तीच मूठ दुपारी चारला बरी मिटते आणि मग घरचे विचारतात, "आता कसा काय बरा झालास?" या एका प्रश्नानं मला जेवढं रडवलं, तेवढं दुखण्यानंही रडवलं नाही.

मी डॉक्टर नाही. चाकूरचा पेंटर आहे, बोर्ड रंगवणारा. बायको शांता म्हणते, मी जागेपणीही थोडा झोपेतच असतो. तेव्हा औषधांची नावं माझ्याकडून शिकू नका. माझं काय झालं, मी कुठं चुकलो, एवढंच सांगतो.

नवा जिल्हा

उस्मानाबादेतून लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा मोठ्या लोकांनी फेटे बांधले, पेढे वाटले. मला मात्र सगळीकडे बोर्ड दिसू लागले. शाळा, चावडी, दवाखाना, गुरांचा दवाखाना, जिथं जिथं "जिल्हा उस्मानाबाद" लिहिलेलं होतं तिथं पांढऱ्याचा हात मारून "जिल्हा लातूर" लिहायचं होतं. आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या कमानी रंगवून माझा हात बसलेला होता. पुढे लातूरला गंजगोलाईत एका उस्तादांकडे मी चार वर्षं दुकानांच्या पाट्या केल्या. त्या उस्तादांना हे बोर्डांचं काम मिळालं आणि त्यांनी मला बोलावून सांगितलं, "चाकूरकडची गावं तुझी. जा, मजा कर."

मी सायकलला डबे बांधून निघायचो. पाऊस नव्हताच. दोन्ही बाजूंना मोकळी काळी रानं, आणि आभाळ जिथं टेकायचं तिथं एक सरळ रेघ. मला वाटायचं, ही कुणीतरी ओढून ठेवलेली शिरोरेषा आहे, खालची अक्षरं तेवढी मी भरायची आहेत. गावात पोचलं की पाणी मागायची लाज वाटे, कारण हंडे रिकामे दिसत. रंग पातळ करायला माझ्याकडे टर्पेंटाइन असे, आणि घशाला मात्र कोरड. तरी ते दिवस आठवले की मला अजून सुख वाटतं. सकाळी आलो तेव्हा गाव एका जिल्ह्यात असायचं आणि संध्याकाळी मी सायकलवर बसलो की दुसऱ्या. कागदावर ते कधीच झालं होतं, पण भिंतीवर माझ्या हातानं होत होतं.

एका सकाळी एका शाळेच्या व्हरांड्यात ब्रश धरला आणि बोटं मिटेनात. सुजलेली, गरम, आणि अशी जड की कुणीतरी रात्रीतून त्यांत वाळू भरून ठेवलीय. हेडमास्तरांना वाटलं मी विचार करतोय. मी तासभर भिंतीकडे बघत बसलो. दहाच्या सुमारास बोटं हळूहळू आपली वाटू लागली आणि मी बोर्ड पुरा केला. घरी कुणाला बोललो नाही.

सगळ्यांना पटलेली चूक

मग रोजच तसं होऊ लागलं. आधी मनगट, मग बोटांची मुळं. उस्तादांनी हात बघितला आणि त्यांना लगेच कळलं, म्हणजे कळलं असं त्यांना वाटलं. "ब्रशनं खाल्ला हात. आमच्या धंद्यात होतं असं. हाताला आराम दे. हात राहिला तर धंदा राहील." आईलाही ते पटलं, शेजाऱ्यांना पटलं, आणि मला तर सगळ्यात आधी पटलं. ज्या हातानं काम करतो तोच हात दुखतो, यात न पटण्यासारखं काय आहे?

मी काम सोडलं. माझ्या वाटणीची उरलेली गावं उस्तादांनी दुसऱ्याला दिली. आईच्या जुन्या लुगड्याची झोळी करून मी उजवा हात गळ्यात अडकवला. दिवाळी गेली, होळी गेली, हात झोळीतच. भाकरी डाव्या हातानं खायचो आणि जपत होतो त्या उजव्या हाताला, पावसाच्या आशेवर बियाणं जपावं तसं.

आईचा इलाज बिब्ब्याचा. बिब्बा तापवायचा, सुईच्या टोकानं त्याचं तेल घ्यायचं आणि दुखतं तिथं ठिपके द्यायचे. उजव्या मनगटावर पाच दिले. बोटांच्या मुळांवर एकेक. मी म्हटलं, "आई, डावं मनगटबी जरा ठणकतंय." तिथंही पाच, पुढे त्याही बोटांच्या मुळांवर एकेक. मग तळपायाच्या पुढच्या भागात सकाळी गोट्यांवर चालल्यासारखं होऊ लागलं, तिथंही दोन्हीकडे ठिपके. दोन ठिकाणी बिब्बा उतला, फोड आले, खाजून खाजून रात्र संपेना. आई म्हणायची, "उतला म्हंजी वात भाईर पडून राहिला, लेकरा." ती मायेनं करत होती. तिच्यावर मी आजही रागावू शकत नाही.

तुम्ही म्हणाल, डावा हात दुखतो, पाय दुखतात, तेव्हाही तुला कळलं नाही? नाही कळलं. मला वाटायचं, उजव्याचा भार डाव्यावर पडतोय म्हणून तो दुखतो. पायाचंही काहीतरी कारण मी जुळवून ठेवलं होतं. माणसाला एकदा एक कारण सापडलं की बाकीचं सगळं तो त्यात कोंबतो. बारीक ताप असायचा, भूक मेली होती, दुपारी अशी झोप यायची की जागं झाल्यावर सकाळ की संध्याकाळ कळू नये. ते मी उन्हावर घातलं.

शांताची ओंजळ

टँकर सकाळी यायचा. आमच्या घराच्या वाट्याला चार हंडे. त्या वेळी मी भिंतीला टेकून बसलेला, हात मांडीवर पालथे, लाकडासारखे. शांता एकटी हंडे आणायची. मग त्यातलं अर्धी बादली पाणी चुलीवर ऊन करायची आणि माझ्यापुढं ठेवायची. मी हात त्यात बुडवून बसायचो. वाफेत डोळे मिटले की मला पांढऱ्या भिंती दिसायच्या, एकामागून एक, कोऱ्या. पाणी निवालं की ती तेच पाणी घेऊन भांडी घासायची आणि उरलेलं तुळस नव्हती म्हणून दारातल्या लिंबाला घालायची. मग रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची.

दुपारी मी बरा असायचो. ती परत यायची तेव्हा मी लिंबाखाली बसून कुणाशी तरी हसत बोलत असायचो. कुणी काम घेऊन आलंच तर "दुपारनंतर या" म्हणायचो, आणि दुपारनंतर आलं तर "हाताला आराम सांगितलाय" म्हणायचो.

एका संध्याकाळी ती आली, डोक्यावरचं घमेलं आपटलं आणि हात माझ्यापुढं धरले. तळव्याला चिरा पडलेल्या, त्यात दगडाची पांढरी भुकटी.

"आवं, तुमचा हात झोळीत. मग माझे काय दगडाचे हायत का?"

मी म्हणालो, "सकाळी काय होतं तुला ठावं न्हाई."

"सकाळीच कसं दुखतं ते? पाण्याच्या टायमाला? दुपारी तर लई ग्वाड हसून राहिलात."

 मला स्वतःलाच शंका येऊ लागली होती, की मी ढोंग तर करत नाही ना. असं दुखणं कुणी ऐकलंय, जे घड्याळ बघून येतं? त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही. सकाळी तिनं पाणी ऊन करून ठेवलं, नेहमीसारखं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मग माझे हात धरून स्वतःच पाण्यात घालू लागली, आणि तिच्या लक्षात आलं की पाण्याला लागायच्या आधीच माझी बोटं गरम आहेत.

"नांदेडला जाऊ," ती म्हणाली. "उद्याच."

डावा हात का दुखतो?

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात आमचा नंबर लागायला दुपार झाली. म्हणजे माझी बरी वेळ. मला धास्ती, की डॉक्टर आता मूठ मिटवायला सांगणार, ती मिटणार, आणि शांतासमोर मी खोटा ठरणार.

डॉक्टर मध्यम वयाच्या बाई होत्या. मी त्यांना ब्रशची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, झोळीतून हात काढला, बाजूला ठेवला, आणि बिब्ब्याचे ठिपके बघत बसल्या. मग म्हणाल्या, "डावा हात दाखवा." मग, "चपला काढा."

टेबलावर दोन हात, स्टुलावर दोन पाय. मीही पहिल्यांदाच सगळे एकत्र बघत होतो. उजवीकडे जिथं जिथं ठिपके, तिथं तिथं डावीकडेही. जणू कागदाला शाई लावून मधोमध घडी घातली होती.

"हे कुणी दिले?"

"आईनं."

"कुठं द्यायचे ते कोण सांगायचं?"

"मीच. जिथं दुखायचं तिथं."

"पेंटर, डाव्या हातानं तुम्ही काय काम करता?"

"डबा धरतो."

"आणि पायानं?"

शांताला हसू फुटलं.

बाई म्हणाल्या, "ब्रशनं हात बिघडला असता तर एकच बिघडला असता. हे दुखणं हाताचं नाही, सगळ्या अंगाचं आहे. तुमचं शरीर स्वतःवरच चिडलंय. आग आत लागलीय, सांध्यांत ती फक्त दिसते. ताप त्याचाच, भूक मेली ती त्यानंच, दुपारची झोपही त्याचीच. सकाळी किती वेळ बोटं धरलेली असतात?"

मी शांताकडे बघितलं. ती पुढं होऊन म्हणाली, "टँकर आल्यापासून मी कामावर जाईस्तोवर. दोन घंटे तरी."

"तेच लक्षण आहे," बाई म्हणाल्या. "सकाळी जास्त, हालचाल झाली की कमी. या आजाराची रीतच ती आहे."

शांता तिथंच खाली बसली. पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. मला वाटलं आजाराचं नाव ऐकून रडतेय. संधिवाताचा एक जबर प्रकार, जन्माचा सोबती, असं बाई सांगतच होत्या. पण ती मला म्हणाली, "मी तुम्हाला काय काय बोलले." मग मीही रडलो. खरं सांगतो, मला आजाराचं दुःख तेव्हा झालंच नाही. मी खोटा नव्हतो, याचाच आनंद झाला.

दुःख नंतर झालं, तपासणीला रक्त द्यायला रांगेत उभा होतो तेव्हा. ब्रशचा दोष नव्हता. मग मी तो का सोडला? कितीतरी गावांचे बोर्ड दुसऱ्याच्या हातानं लिहून झाले होते, आणि मी एका निरपराध ब्रशला घरात कोंडून, हात गळ्यात बांधून बसलो होतो. झोळीत राहून उजवं मनगट आखडलं ते वेगळंच.

वॉर्ड

तीन आठवडे ठेवून घेतलं. रक्ताची एक तपासणी मी स्वतः बघितली. बारीक उंच नळीत रक्त उभं करून ठेवतात आणि तासाभरात ते किती खाली बसतं ते मोजतात. मी नळीसमोर बाकावर बसून होतो. लाल रंग खाली उतरत होता, वर फिकट पिवळं पाणी सुटत होतं. तपासणारा म्हणाला, "तुमचं फार लवकर बसतं. आत दाह असला की असं होतं." मी आयुष्यभर रंग खाली ओघळू नये म्हणून झटलो, आणि माझंच रक्त ओघळत होतं. तरी बघायला बरं वाटलं. जे दुखणं कुणाला दिसत नव्हतं ते काचेत उभं होतं.

गोळ्या खूप. त्यांतल्या एकीनं कानात सतत आवाज व्हायचा, लांबून येणारा, न थांबणारा. मी घाबरलो. शेजारच्या खाटेवर इस्लापूरचे किसनबाबा होते, विहिरीचं काम करताना पाय मोडलेले. म्हणाले, "कसा आवाज?" मी म्हटलं, "सू सू, लई लांबून." ते म्हणाले, "आरं, तो तर आमचा धबधबा. सहस्रकुंडचा. मी बारका होतो तवापासून झोपताना त्योच ऐकतो. औंदा तिथं पाणी न्हाई, म्हून तुझ्या कानात आला बघ."

डॉक्टरबाईंनी गोळी कमी केल्यावर तो आवाज गेला. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मला चुकल्यासारखं झालं. आवाज होता तोवर दुपारी वॉर्डात झोप अशी यायची की खाटा पाण्यावर तरंगल्यासारख्या वाटत, आणि त्या आवाजात मी इस्लापूरला जाऊन यायचो, जिथं कधी गेलो नव्हतो.

व्यायामाच्या खोलीत कोमट मेणात हात बुडवायला लावत. सुकलं की मेण हातमोज्यासारखं निघायचं. मग लगेच बोटं उघड, मीट, उघड, मीट. बाई रोज येऊन बजावत, "फार सूज असेल त्या दिवशी विसावा. एरवी हात चालता ठेवा. झोळी मला परत दिसायला नको." झोळीचं लुगडं शांतानं तिथंच फडकं म्हणून वापरून टाकलं.

भीती होती का? होती. व्यायामाच्या खोलीत बायकांच्या वॉर्डातली एक म्हातारी यायची, याच आजाराची, बोटं सगळी एका बाजूला वळलेली. ती प्रेमानं माझ्याशी बोलायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचो, हातांकडे बघायचं टाळायचो. एकदा तिच्या ते लक्षात आलं. म्हणाली, "बघ रं बाबा, बघ. मी लई उशिरा आले. तू लवकर आलास." हे वाचणाऱ्याला मी एवढंच सांगेन, लवकर जा.

सहा वाजता

घरी आल्यावर तीन-चार महिने गोळ्यांनी हळूहळू काम केलं. सकाळचे दोन तास एकावर आले, मग कधी अर्ध्यावर. उजव्या हाताचं मधलं बोट थोडं वाकडं राहिलं, ते तसंच राहणार. ब्रश मी अजून धरला नव्हता. कुणी विचारलं की दुपारनंतर या म्हणायचो, आणि आतून देवाला नव्हे पण त्या माणसालाच विनवायचो की येऊ नकोस. धरला आणि नाही जमलं तर? न धरलेल्या ब्रशनं निदान आशा तरी शिल्लक होती.

एक दिवस शांता दारातच ग्रामसेवकाला सांगत होती ते कानावर आलं, "हाय की पेंटर. येतील."

नवा हुकूम आला होता, प्रत्येक टँकरवर मोठ्या अक्षरात "पिण्याचे पाणी, जिल्हा लातूर" पाहिजे. आमचा टँकर दिवसभर गावोगाव फिरायचा. विहिरीवर भरताना तेवढा तासभर उभा राहायचा, सकाळी सहा ते सात.

मी चिडलो. "सकाळी? तुला कळतं का काय बोललीस?"

"डाक्टरीनबाई काय म्हनल्या? ब्रशचा काय बी दोष न्हाई."

"हाताचा हाय न्हवं!"

"मग हातालाच इचारून बघा की एकदा," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी अंधारातच उठलो. भाकरीच्या तुकड्याबरोबर गोळ्या घेतल्या, कोमट पाण्यात बोटं उघडली, मिटली. शांतानं ब्रशच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून तो जाड करून ठेवला होता, म्हणजे मूठ पूर्ण मिटायची गरज नको. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. खडी फोडताना हातोडीला तशाच चिंध्या बांधायची, एवढंच.

विहिरीवर पंप सुरू होता. ड्रायव्हर गफूरभाई टायरवर बसून चहा पीत होते. टाकीचा पत्रा गोल, गार, दंव पडल्यासारखा ओलसर. शांतानं एका बाजूनं खडू फासलेली सुतळी ताणून धरली, मी दुसऱ्या बाजूनं, आणि खडूची रेघ उडवली. मग मी "पि" काढायला घेतला.  उभी काठी दोनदा पुसली. बोटांत कळ होती, पण ती सोसण्यातली होती, आणि ब्रश माझ्या मुठीत होता. टाकीत पाणी चढताना आतून गुरगुरत होतं आणि पत्रा माझ्या तळहाताखाली हलत होता. पूर्वी चार मिनिटांत लिहिला असता तो शब्द लिहायला मला पाऊण तास लागला. वेळ कसा गेला ते मला कळलंही नाही.

गफूरभाईंनी हॉर्न दिला. टाकी भरली होती.

मी मागं सरकून बघितलं. लांबलचक टाकीवर एकच शब्द, "पिण्याचे". पुढं सगळं कोरं.

"पेंटर, हे काय? लोकं पुसतील ना, काय पिण्याचे?"

पाण्याला आलेल्या बाया हसू लागल्या, शांताही हसली. "सांगा त्यास्नी, बाकीचं मागून येऊन राहिलंय."

गफूरभाई गाडीत चढले, दार ओढलं, आणि काचेतून डोकं काढून विचारलं, "मग उद्या सकाळी? सहा वाजता?"

"येतो," मी म्हणालो. "सहाला येतो."

टँकर धूळ उडवत निघून गेला. दीड वर्षात मी पहिल्यांदाच कुणाला सकाळची वेळ दिली होती.